डोंगराकडची जागा

सहलीची कल्पना माझ्या बायकोची. एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अहो, मेमध्ये हिमाचलला जाऊन येऊ. आठवड्याचीच सहल आहे. डोंगरातली दोन राष्ट्रीय उद्यानं, लाकडी घरात राहायचं, रोज थोडं थोडं चालायचं. आपण असं कधी गेलोच नाही."

मी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणालो, "बघू."

माझ्या 'बघू'चा अर्थ तिला लग्नापासून पाठ आहे. एरवी ती गप्प बसली असती. त्या दिवशी म्हणाली, "आता काय बघायचं? मी दोघांची नावं देऊन आले."

इथे माझा संशय सुरू झाला.

माझी आजवरची सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी विभागातच झाली आहे. समोरच्याने भाव सांगितला की तो कुठे फसवतोय हे आधी शोधायचं, ही माझी रोजची भाकरी. त्यामुळे संशय घेताना मी शोभून दिसतो. पुढच्या रविवारी सहलीची माहिती ऐकायला आम्ही सदाशिव पेठेत गेलो, तेव्हाही तो मला शोभूनच दिसला. सहली नेणारी बाई पस्तिशीची, उन्हाने रापलेली, बोलायला मोकळी. तळमजल्यावरच्या एका खोलीत तिचं ऑफिस. भिंतीवर बर्फाचे फोटो होते. मी ते बघायचं टाळलं आणि विचारलं, "त्या जलोरीच्या खिंडीत रस्ता किती रुंद आहे?"

"दोन गाड्या जातात, काका."

"एकाच वेळी?"

ती हसली. "एक थांबते, मग दुसरी जाते."

"आपली कुठली? थांबणारी की जाणारी?"

बायको जमिनीवरच्या फरशा बघत होती.

"काळजी करू नका. ड्रायव्हर तिथलाच आहे. त्याचा जन्म गेलाय त्या रस्त्यावर."

"जन्म गेला म्हणजे नक्की कसा गेला, ते जरा सांगाल का?"

खोलीतले चारदोन लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "काका एकदम पक्के आहेत." मलाही जरा बरं वाटलं. दरडी, ब्रेक, टायर, कठडे, सगळं विचारून घेतलं. ती बाई न कंटाळता उत्तरं देत राहिली. म्हणून तिचाही संशय आला. एवढी उत्तरं तयार ठेवणाऱ्या माणसाला काय काय लपवायचं असेल?

आता जे लिहितोय ते मी तोपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला दरीची भीती वाटते. उंचीची म्हणावी तर गच्चीवर मी बिनधास्त उभा राहतो. पण रस्ता आणि त्याच्या कडेला काहीच नाही, असं दिसलं की तळपायांना मुंग्या येतात, तोंडाला कोरड पडते, आणि गाडी त्याच बाजूला ओढली जातेय असं वाटायला लागतं. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो. पसरणीच्या घाटात ही माझ्या खांद्याला हलवून म्हणत होती, "बघा ना, वाई केवढीशी दिसतेय!" मी डोळे मिटून घेतले आणि मान एका बाजूला टाकली. तेव्हापासून घाट लागला की मला झोप लागते, असं आमच्या घरात ठरून गेलं. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, सगळे घाट मी असेच झोपून पार केलेत. मुलगी लहान असताना म्हणायची, "बाबा झोपले, म्हणजे डोंगर आला."

पुण्यात जन्मलो, वाढलो, पण सिंहगड तोपर्यंत खालूनच पाहिला होता. सोमवारी कारखान्यात लोक गडावर काय काय खाल्लं ते सांगायचे. मी एवढंच म्हणायचो, "दही मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही." पुण्यात हे वाक्य कशाबद्दलही चालतं. मला कुणी कधी उलटं विचारलं नाही.

तर सहल. बायकोने तयारी सुरू केली. कोथरूडला आमच्या घरामागेच टेकडी आहे. वरच्या मजल्यावरची तिची मैत्रीण आणि ती रोज पहाटे टेकडीवर जायच्या. आता ही पाठीला सॅक लावून जाऊ लागली. सॅकमध्ये कणकेच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या, ओझ्याची सवय व्हावी म्हणून. परत आली की गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर एक हसू. ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. माझी आई अंथरुणाला खिळून होती तेवढी वर्षं तर नाहीच.

मला ते हसू आवडलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

मी हिशेब मांडत गेलो. ही मला एकदाही विचारत नाही, "येताय ना नक्की?" माझे बूट आणायचं नाव काढत नाही. टेकडीवर चला म्हणत नाही. मी जवळ गेलो की फोन पालथा ठेवते. याचा अर्थ काय? हिला मी बरोबर नकोच आहे. मी नेहमीसारखं शेवटच्या आठवड्यात काहीतरी कारण काढीन, याचीच ती वाट बघतेय. मग एक दिवस ती गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या सहलीच्या बाईशी फोनवर बोलत होती. मी आत स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होतो. तिचं वाक्य स्पष्ट ऐकू आलं. "नाही आले ते, तरी माझं नक्की."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गेलो, स्कूटरला टेकून उभा राहिलो आणि त्या बाईला फोन लावला.

"एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "माझ्या पत्नीच्या छातीत अधूनमधून दुखतं. ती स्वतः सांगणार नाही. उंचावर काही झालं तर पंचाईत व्हायची. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका."

"बरं झालं सांगितलंत, काका," ती म्हणाली. "एवढी काळजी करणारे नवरे कमी असतात हो."

बायकोच्या छातीत कधीही दुखलेलं नव्हतं.

मला वाटलं होतं, ती बाई काहीतरी सबब सांगून नाव कमी करेल आणि प्रकरण मिटेल. तिने सरळ हिलाच फोन केला. कुठून कळलं ते विचारू नका म्हणाली, पण तपासणी करून डॉक्टरांचं पत्र आणा, त्याशिवाय नेता येणार नाही. बायको फोन ठेवून स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "माझ्या छातीत दुखतं असं कुणी सांगितलं असेल?"

मी म्हणालो, "लोक काय, काहीही बोलतात."

"लोकांना माझ्या छातीशी काय करायचंय?" ती विचार करत राहिली. "टेकडीच्या शेवटच्या चढावर एकदा मी छातीवर हात ठेवून थांबले होते. दम लागला म्हणून. ते फक्त हिने पाहिलंय." तिने मानेने वरचा मजला दाखवला. "मी चालले, ही राहिली. बघवलं नाही तिला. असंच ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. इथे मी गप्प राहू शकलो असतो. मी म्हणालो, "असेल."

फोनवरच्या खोटेपणापेक्षा हा एक शब्द मला जास्त टोचतो. फोन केला तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं असं म्हणता येईल. 'असेल' मी पूर्ण शुद्धीवर म्हणालो.

दोघींचं बोलणं बंद झालं. कित्येक वर्षं एकीच्या घरची भाजी दुसरीच्या घरी जायची. वाट्या इकडच्या तिकडे असायच्या. एका दुपारी तिच्या तीन वाट्या घासूनपुसून आमच्या दाराबाहेर ठेवलेल्या दिसल्या. संध्याकाळपर्यंत त्या वर गेल्या, आमच्या दोन खाली आल्या. बायको टेकडीवर एकटी जाऊ लागली, वेळ बदलून. सॅक तीच, कणीक तीच. हसू नव्हतं.

तपासणीला मीच तिला घेऊन गेलो. ती आत पट्ट्यावर धावत होती आणि मी बाहेर तिची पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "यांची छाती ठणठणीत आहे. तुमचीच एकदा करून घ्या." येताना स्कूटरच्या आरशात ती माझ्याकडे बघतेय असं मला वाटलं. हिला कळलं? कळलं असेल तर बोलत का नाही? त्या दिवसापासून मी तिचा एकेक शब्द उलटसुलट करून बघायला लागलो. तिने भाजीत मीठ कमी घातलं तरी मला त्यात काहीतरी दिसायचं.

डॉक्टरांचं पत्र आणि आधार कार्डांच्या झेरॉक्स द्यायला मी सदाशिव पेठेत एकटाच गेलो. खरं सांगायचं तर त्या बाईने काही बोलून टाकलंय का, हे मला काढून घ्यायचं होतं.

ती आनंदाने म्हणाली, "बरं झालं बाई, काकू अगदी फिट निघाल्या! आणि काका, तुमच्या सीटचं सगळं झालंय हं."

"कसली सीट?"

"काकूंनी नावं दिली त्याच दिवशी सांगून ठेवलंय. तुम्हाला गाडीत डोंगराच्या बाजूची सीट. येताना बाजू बदलते, म्हणून येताना पलीकडची. दरीकडच्या खिडकीत त्या स्वतः बसणार. मी म्हटलं, काकांना काही त्रास आहे का? तर म्हणाल्या, छे, त्रास कसला, घाटात त्यांना झोप लागते. झोपले तर कुणी उठवू नका."

मी झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. ती पुढे म्हणाली, "मागे एकदा फोनवरही बोलल्या होत्या. ऐन वेळी काका नाही आले तरी ती सीट दुसऱ्याला देऊ नका म्हणाल्या. शेवटच्या क्षणीसुद्धा येतील ते."

मी गॅलरीतलं जे वाक्य ऐकलं होतं, त्याच्या पुढे हे होतं. मी पुढचं ऐकायला थांबलोच नव्हतो.

स्कूटर काढली. डेक्कनपर्यंत काय काय आडवं आलं ते आठवत नाही. तीस वर्षं तिला ठाऊक होतं. तिने माझी भीती झाकण्यासाठी झोपेची थाप मारली, आणि मी तिच्या अंगावर नसलेलं दुखणं घातलं.

घरी गेलो तेव्हा ती सॅकमधून कणकेच्या पिशव्या काढून डब्यात ओतत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पार्किंग, फोन, 'असेल', सगळं. ती ओतायची थांबली नाही. डबा भरला, झाकण लावलं, हात पुसले.

"म्हणजे तिने काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मी तिच्या वाट्या दाराबाहेर ठेवल्या."

ती रागाने ओरडेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिने चपला घातल्या. "चला वर."

"मी?"

"मग काय मी सांगू? छाती माझी, तोंड तुमचं."

एक मजला चढायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता. मैत्रिणीने दार उघडलं, आम्हा दोघांना बघून भुवया वर केल्या. "या. आज काय, वाट्या मोजायच्या राहिल्या होत्या का?"

मी दारातच सांगितलं. आत जाऊन बसायचं धाडस नव्हतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग बायकोला विचारलं, "आणि तुला ते पटलं?"

"पटलं," बायको म्हणाली. तिचे डोळे तेव्हा भरून आले. घरी मी सांगितलं तेव्हा आले नव्हते.

"धन्य आहात दोघं." ती माझ्याकडे वळली. "पण का केलंत हो असं? हिला जाऊ द्यायचं नव्हतं तर सांगायचं तसं."

मी म्हणालो, "मला घाटात झोप लागत नाही. मी डोळे मिटून घेतो. मला दरीची भीती वाटते."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, तेही दुसऱ्याच्या दारात, चपला पायात असताना. बायको म्हणाली, "मला हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तीस वर्षं." मग पुढे म्हणाली, "सीट तीच राहील. मी मात्र शेजारी बसणार नाही."

सहलीला अजून थोडे दिवस आहेत. त्या बाईला मी फोन करून खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "बरं, काका." आधीचा आपलेपणा त्यात नव्हता, आणि तेच योग्य होतं.

गेल्या रविवारी आम्ही सिंहगडला गेलो, सरावासाठी. मैत्रीणही आली. दोघींचं बोलणं अजून पूर्वीसारखं झालेलं नाही. एकमेकींना जरा सांभाळून बोलतात. पायथ्याला शेअर जीप पकडली. बायकोने मला पुढे डोंगराकडच्या बाजूला बसवलं आणि त्या दोघी मागे बसल्या. माझ्या शेजारी एक अनोळखी माणूस कोपर पसरून बसला. पहिल्या चढावर माझ्या बाजूला काळा कातळ होता, वाळलेलं गवत होतं, आणि माझे डोळे उघडे होते. मग वळण आलं. जीप वळली, कातळ त्या माणसाकडे गेला आणि माझ्या खिडकीत नुसती हवा आली.

मागे दोघी थालीपिठाच्या भाजणीत धणे किती घालायचे यावर वाद घालत होत्या. मी समोरचा दांडा घट्ट धरला. मागून कुणी म्हणालं नाही, झोपा आता.