वहिनीनं जपून ठेवलेला मंत्र

रविवार उजाडला की माझं जेवणात लक्ष लागत नाही. दुपारची भांडी आवरली रे आवरली की आमच्या श्रीरामपूरच्या घरात सतरंजी पडते, तिच्यावर नाना तऱ्हेचे फासे येतात आणि मग संध्याकाळपर्यंत आम्ही आम्ही उरतच नाही! हा खेळ दादानं पुण्याच्या हॉस्टेलातून आणला. तो गोष्ट सांगतो, आम्ही त्या गोष्टीतली माणसं. आपण काय करतोय ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. मी तलवारवाली. समोरचा मेडिकलवाला, दादाचा शाळेपासूनचा मित्र, रविवारी चर्चहून येऊन जेवतो आणि तडक आमच्याकडे. तो पुरा मांत्रिक. आणि यंदा वहिनी.

वहिनीला मीच ओढून आणलं. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिला मी रानातली वाटाड्या करून दिली, म्हणजे अर्धी लढणारी, अर्धी मांत्रिक. अशा अर्ध्यामुर्ध्यांना या खेळात मंत्र बेताचेच मिळतात. मोठे मंत्र मोजून. वापरले की संपले, झोप काढल्याशिवाय परत येत नाहीत. छोटे मंत्र तर मिळतच नाहीत. हवेच असतील तर लढाईतलं एखादं कसब सोडायचं, मग दोन पदरात पडतात. वहिनीनं चक्क नेमबाजीचं कसब सोडलं! मी कपाळावर हात मारला.

"अगं वहिनी, नेमच गेला की तुझा!"

"जाऊ द्या ताई. ही ज्योत आवडली मला."

एक मंत्र मोडलेलं सांधायचा आणि दुसरा ही ज्योत. तळहातावर पेटते, उजेड देते, फेकून मारताही येते. एवढ्या हौसेनं घेतली आणि बाईनं ती वापरलीच नाही! भुयारात मशाल विझली, आम्ही अंधारात ठेचा खातोय, ही गप्प. लांडगे अंगावर आले, ही म्हणते, "बाण मारते." नेम कुठला, बाण भलतीकडेच. माझं डोकं असं तापायचं म्हणून सांगू! पण दादा नियमाचा पक्का. कुणी कुणाला शिकवायचं नाही, जिचं तिनं ठरवायचं.

त्या रविवारी सकाळी मेथी निवडता निवडता वहिनी म्हणाली, "ताई, आजच्या दिस बसते. म्होरल्या रविवारपासनं न्हाई. माझ्यामुळं समद्यांचा इस्कोट व्हतोय."

खेळ काय, आमचा आम्ही रेटला असता. पण या घरात आल्यापासून वहिनीचं एकच पालुपद, "तुमी म्हनाल तसं." भाजीला फोडणी कसली द्यायची तेही आईला विचारून. फक्त सतरंजीवर बसली की कधी कधी खुदकन हसायची. ती तिथूनही उठली असती तर पुन्हा कशात बसली असती? मी मनाशी म्हटलं, आज काही झालं तरी हिला गोडी लागलीच पाहिजे.

आणि नेमका आजच दादानं दगडी अजगर काढला! काय सांगू, नुसता कहर. मेडिकलवाल्यानं आपले सगळे मोठे मंत्र धडाधड उडवले, अजगर हलेना. मग त्यानं मेडिकलवाल्यालाच विळखा घातला. हात अडकले, मंत्र बंद. मी तलवार घेऊन धावले तर शेपटीच्या एका तडाख्यात बेशुद्ध. आता माझ्या पाळीला फासा टाकायचा, तो फक्त जगते की मरते हे बघायला. उभी राहिली एकटी वहिनी. तिचे मोठे मंत्र संपलेले, बाण दगडावरून निसटतायत.

"वहिनी, ज्योत टाक ना!" मी ओरडलेच.

"बेशुद्ध माणूस बोलत नाही," दादा माझ्यावर खेकसला.

"ती ठिवलीय मी," वहिनी हळूच म्हणाली. "याच्याहून मोठं संकट आलं म्हंजी? एकदा सपली की काय करायचं?"

"वहिनी, ती संपत नाही," मेडिकलवाला म्हणाला.

"म्हंजी?"

"छोटे मंत्र मोजायचे नसतात," दादा म्हणाला. "कितीही वेळा कर."

"कदीच न्हाई सपत?"

आपली चेष्टा चाललीय असं वाटून तिनं आमच्या तोंडाकडे पाळीपाळीनं बघितलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वहिनी पाथर्डीकडची. तिकडे टँकर येईल तेव्हा पाणी. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा म्हशीला. आम्ही पाटाच्या पाण्यावर वाढलेले. मोठे मंत्र संपतात हे तिला बजावून सांगितलं, छोटे संपत नाहीत हे सांगावं लागतं, असं आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

"मग टाकते!" वहिनी म्हणाली आणि मांडी मोडून गुडघ्यांवरच बसली. फासा टाकला. लागली!

"आता त्याला किती इजा झाली त्याचे दोन फासे टाक," दादा म्हणाला. "तुझी वाटाड्या वरच्या पायरीला गेली ना, तिच्याबरोबर ज्योतही वाढली."

"आन् वाढती बी? आगं बया!"

मग काय विचारता! फेकली, लागली. फेकली, चुकली. पुन्हा फेकली. मधल्या पाळीला मी फासा टाकतेय, मरणाच्या दारात, एकच संधी उरलेली, आणि वहिनी ओरडतेय, "मरू नका हां ताई, मी हाय!" मेडिकलवाला शिट्ट्या मारतोय. आई आतून धावत आली, कोण पडलं म्हणून. आणि वहिनीच्या हातातून पुन्हा ज्योत सुटली, दोन्ही फासे भरभरून पडले आणि अजगर कोसळला! मी जिवंत! मी वहिनीला अशी मिठी मारली की दोघी सतरंजीवर आडव्या.

दादा हसत हसत फासे गोळा करायला लागला.

"थांबा," वहिनीनं त्याचा हात धरला. "माझी पाळी ऱ्हायलीय."

"अगं, मेला तो. आता ज्योत कुणावर टाकतेस?"

"कुनावरच न्हाई," वहिनी म्हणाली. "पेटवते, इझवते, पुन्यांदा पेटवते. माझी मर्जी."