शेवंतीवहिनींच्या टर्क्या

बोरीवली पूर्वेला, स्टेशनपासून पाऊण तास चालल्यावर, जंगलाच्या कडेला आमची पाच खोल्यांची बैठी चाळ होती. माझ्या शेजारच्या खोलीत काशीराम परब आणि त्यांची पत्नी शेवंती राहत. काशीरामांनी वीस वर्षे गिरणीत काम केले, छाती खराब झाली आणि १९५५ साली नोकरी सोडली. कणकवलीजवळ गावी थोडी जमीन होती, थोरला भाऊ बोलावत होता. काशीरामांचा ओढा तिकडेच होता. शेवंतीवहिनींचा नव्हता. लग्नानंतरची नऊ वर्षे त्यांनी त्या घरात जावेच्या हाताखाली काढली होती. पुन्हा त्या चुलीपाशी बसायचे नाही, हे त्यांचे पक्के होते.

वहिनी जवळच्या वझिरा गावातल्या मिस्किटाबाईंकडे कामाला जात. नाताळात टर्की लागते आणि चांगली मिळत नाही, ही बाईंची तक्रार ऐकून १९५६ च्या जूनमध्ये त्यांनी बाईंच्याच ओळखीने बारा पिल्ले आणली. चाळीमागे बांबू रोवले आणि कोंबड्यांची जाळी ठोकली.

"ह्यां कसला पाखरू? ना मोर, ना कोंबडो," काशीराम म्हणाले.

"नाताळाक कळात."

"बरां. नाताळापर्यंत बघूया. जमला नाय तर गप गावाक जावचा."

"कबूल," वहिनी म्हणाल्या.

गणपतीपर्यंत पिल्ले चांगली थोराड झाली. छाती काढून फिरत म्हणून चाळीत त्यांना 'परबांचे हवालदार' असे नाव पडले.

सर्वपित्री अमावास्येच्या रात्री त्यांतल्या दोन गेल्या. एक जाळीला टेकून मरून पडली होती, तिला डोके नव्हते. दुसरीची पिसे चाळीमागच्या नाल्यापर्यंत सांडली होती आणि जाळीखालची माती उकरलेली होती.

"राखणदार रागावलो," काशीराम म्हणाले.

गावच्या रिवाजाप्रमाणे परब दर अमावास्येला संध्याकाळी मागच्या जांभळीच्या बुंध्याशी जागेच्या राखणदाराला पान ठेवत. पानावर भात आणि उकडलेले अंडे. पिंजरा मुद्दाम त्या झाडापासून तीन पावलांवर बांधला होता, म्हणजे पाखरे राखणदाराच्या नजरेखाली राहतील.

वहिनींनी जाळीखाली दगड पुरले. माझ्या सल्ल्याने कंदील टांगला. त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोक्याने केली. चुलीतली राख चाळून रोज तिन्हीसांजेला त्या पिंजऱ्याभोवती आणि जांभळीखाली पसरत, आणि सकाळी वाकून पाहत. महिनाभर उंदीर आणि कावळे यांच्याखेरीज काही दिसले नाही. काशीरामांनी मात्र राखणदाराचा राग काढायचा म्हणून दिवाळीच्या अमावास्येला पान वाढवले. अंड्याच्या जोडीला भाजलेला सुका बांगडा ठेवला.

पाडव्याच्या सकाळी आणखी दोन टर्क्या जाळीला टेकून मेलेल्या सापडल्या. या वेळी राखेत पावले स्पष्ट उमटली होती, मांजरासारखी पण मोठी. ती नाल्याकडून आली होती. जांभळीपाशी राख विस्कटलेली आणि पान चाटून स्वच्छ. तिथून पावले सरळ पिंजऱ्याकडे गेली होती.

"रानमांजर आहे, वहिनी," मी म्हणालो.

वहिनींनी उकिडवे बसून पावलांच्या वाटेवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "भावजी, ह्यां जेवूक इलां. आणि बोलावलां कोणी? आमीच."

पान आता नाल्यापलीकडे ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. काशीरामांनी ऐकले आणि ते भडकले. "राखणदाराची जागा हलवतलंस? खुळी झालीस काय?"

"जागा सगळी त्याचीच ना? मगे नाल्यापलीकडची काय दुसऱ्याची?"

"गाऱ्हाणां कोण घालतलो? मी घालूचंय नाय."

"मी घालतंय."

गाऱ्हाणे म्हणजे देवाला सगळ्यांदेखत मोठ्याने घातलेले साकडे, आणि ते बाईने घातल्याचे काशीरामांनी जन्मात पाहिले नव्हते. ते उठून आत गेले.

पुढचा महिनाभर वहिनी कामावरून आल्या की कोयता घेऊन मागे जात. जाळीच्या आत हातभर अंतर सोडून त्यांनी बांबूच्या कामट्यांची दुसरी भिंत उभी केली, म्हणजे पाखरू जाळीला टेकणार नाही आणि बाहेरचा पंजा आत पोचणार नाही. मधोमध बसायला जाड फांदी आडवी बांधली, वर पत्रा घातला, दाराला सुतळीऐवजी कडी लावली. हाताला फोड आले, तेव्हा चिंधी बांधून काम चालू ठेवले. काशीराम खोलीच्या दारात बसून खोकत बघत राहायचे.

कार्तिकी अमावास्येला, दिवस मावळायच्या आत, वहिनी पान घेऊन कोरडा नाला ओलांडून गेल्या. पलीकडे एका मोठ्या कातळावर त्यांनी ते ठेवले आणि हात जोडले. मी आणि काशीराम अलीकडे उभे.

"बा देवा म्हाराजा, तुजी जागा मी हलवलंय. चुकला आसात तर माका शिक्षा दी, पाखरांक नको. आमका हयसर ऱ्हवूक दी."

गाऱ्हाण्याला सोबतच्यांनी होकार द्यायचा असतो, त्याशिवाय ते पुरे होत नाही. कोणी बोलले नाही. वहिनींनी तेच शब्द पुन्हा म्हटले. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटले की चाळीतले लोक बाहेर आले.

"व्हय म्हाराजा," काशीराम म्हणाले, खाली बघत.

सकाळी कातळावरचे पान रिकामे होते. पिंजऱ्याभोवतीची राख जशीच्या तशी होती. आठही टर्क्या फांदीवर बसल्या होत्या.

नाताळाच्या चार दिवस आधी मिस्किटाबाईंनी सहा नेल्या आणि पुढच्या वर्षासाठी वीस सांगून गेल्या. एक नर आणि एक मादी वहिनींनी ठेवून घेतली. त्याच संध्याकाळी काशीराम पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आले. भावाला पत्र लिहायचे होते. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो: 'यंदा आमचे गावी येणे होत नाही. अंडी उबवायची आहेत.'

मधल्या भिंतीपलीकडून आवाज आला, "भावजी, ता 'यंदा' खोडा."

मी काशीरामांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, आणि मी खोडले.