नव्या ग्रहावरच्या म्हातारीचा डबा

आमच्या घरात काहीही घ्यायचं झालं की आधी मला विचारतात. मिक्सर, पाण्याची मोटर, सोफा. मी दोन प्रश्न विचारते आणि निकाल देते. आजवर तो चुकलेला नाही, निदान तसं मला कुणी तोंडावर सांगितलेलं नाही. म्हणून डिंगोरे गावी दिलेल्या नणंदेने फोन केला, "वहिनी, आपल्या गेमचा नवा भाग आलाय म्हणं. घ्यावा का नाय?" तेव्हा मी म्हणाले, "वन्सं, आठ दिवस थांबा. खेळून सांगते."

हा गेम आम्हा दोघींना माझ्या मुलीने शिकवला. नोकरीला पुण्याला जाताना तिने मोठा कॉम्प्युटर घोडेगावच्या घरी सोडला. यान घेऊन ग्रहाग्रहांवर हिंडायचं, शत्रूला गोळ्या घालायच्या, आपली ताकद वाढवत जायचं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने हे करावं का, असा प्रश्न मला पडला नाही. मूळ गेममध्ये कुणाशी फारसं बोलावंही लागत नव्हतं. उतरायचं, मारायचं, सामान उचलायचं, निघायचं. मला ते सोयीचं होतं.

नव्या भागात मात्र एक वस्ती होती आणि वस्तीत एक म्हातारी. तिने मला लढाईसाठी औषधांचा डबा दिला. औषधं संपली, डबा उरला.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. तळेघरच्या बाजूला फिरते, तेव्हा कुणी ना कुणी डब्यातून हातसडीचे तांदूळ नाहीतर नाचणीचं पीठ देतं. पुढच्या फेरीला तो डबा मी रिकामा परत करत नाही, निदान मूठभर साखर घालते. गेममध्येही म्हातारीच्या घरी डबा ठेवता येत होता, आणि त्यात वस्तू टाकता येत होत्या. काय टाकावं? साखर तर नव्हती. वस्तीवर हल्ले होत होते, तेव्हा तिच्या उपयोगाचं काही द्यावं, असा व्यवहारी विचार करून मी माझी सगळ्यात भारी बंदूक टाकली. वर चिलखतही.

पुढच्याच प्रसंगात वस्ती जळाली. कथेत ते ठरलेलंच होतं. म्हातारी सुखरूप दुसऱ्या ग्रहावर गेली. जाताना डबा न्यायचं तिला सुचलं नाही. आधी साठवलेला खेळ, म्हणजे मागचा सेव्ह उघडावा, तर तो मी पुसलेला. जुनी कागदपत्रं साठवण्याची मला चीड आहे आणि हे धोरण मी गेमलाही लावलं होतं. शेवटच्या राक्षसासमोर मी सुरुवातीचं पिस्तूल घेऊन उभी राहिले. अकरा वेळा मेले आणि कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी दुपारी नणंद आली. तिने चप्पल काढायच्या आत मी निकाल सुनावला, "घेऊ नका. बिघडवलाय गेम. शेवट उगाच अवघड केलाय."

"आणि तुमची ती मोठी बंदूक? फोनवर लई सांगत व्हता."

मी चहात साखर ढवळत राहिले. नणंद विषय सोडेना. शेवटी सगळं सांगितलं.

हसून हसून नणंद खुर्चीवरून खाली यायची बाकी राहिली. "अवो वहिनी, डब्यात चार लिंबं टाकत्यात! घरातली बंदूक कोण देतं?"

"गेममध्ये लिंबं नाहीत."

"मग बंदुकीच्या दोन गोळ्या टाकायच्या!"

हे मला खरोखर सुचलं नव्हतं.

डोळे पुसून तिने विचारलं, "पयल्या गेममधी कुणाला काय दिलं व्हतं का तुमी?"

"नाही. द्यावंसं वाटेल असं कुणी नव्हतंच तिथे."

"मग बिघडला कसा? सुधारलाच की! बिघडलं ते तुमचं."

नकाशा गोंधळाचा आहे, तीच तीच कामं पुन्हा करायला लावतात, हे मी पुराव्यासकट मांडलं. ते खोटं नव्हतं. पण ऐकतंय कोण? तिने घरी पोचल्या पोचल्या नवा भाग घेतला आणि चार दिवसांत संपवला.

मागच्या महिन्यात धाकट्या दिराला फ्रीज घ्यायचा होता. त्याने फोन डिंगोऱ्याला लावला. मला कळलं ते फ्रीज घरात आल्यावर. दार उघडून, कप्पे ओढून पाहिले. चांगला निघाला.