माझी कंबर दुखतच नव्हती

मैत्रिणींनो, आज दुपारी जे झालं ते घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

बाळ अडीच महिन्यांचं आहे. मला झोप लागत नाही, उगाच रडू येतं. डॉक्टरांनी बाळंतपणानंतरचं डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्या. सासूबाई म्हणाल्या, "अंगावर पाजायलीस अन् असल्या गोळ्या घेतीस? सुया टोचून बघू." आज त्या मला संत तुकाराम नगरला ॲक्युपंक्चरवाल्या मॅडमकडे घेऊन गेल्या.

मॅडमनी विचारलं, काय त्रास होतोय? मी बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "काही नाही ओ, बाळंतिणीची कंबर धरलीय."

बाळंतिणीच्या कंबरेला कुणी नावं ठेवत नाही. मीही मान हलवली.

पालथं झोपवून कंबरेत सुया टोचल्या, हलू नका म्हणाल्या. तेवढ्यात बाहेर सासूबाईंच्या मांडीवर बाळ रडायला लागलं. आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, आता मला उठावं लागणार नाही. मग वाटलं, कधीच उठू नये.

सुया काढताना मॅडमनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

मी म्हणाले, "कंबर हलकी झाली."

घरी आल्यापासून बाळाला जवळ घेतलेलं नाही. मला माझीच भीती वाटतेय. नवऱ्याला फोन केला, तो चाकणहून अर्धी शिफ्ट सोडून निघालाय. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाणार आहोत. सासूबाई सोबत येणारच.

तुमच्यापैकी कुणी हे सासूसमोर बोललंय का? पहिलं वाक्य काय बोललात?