सात मोहरा आणि दुपारचे विमान

ती घटना आठवली, की आजही माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. जीप मी चालवत नव्हतो, नुसता शेजारी बसलो होतो. तरी त्या दिवशी बुलढाणा ते औरंगाबाद हा सगळा रस्ता मी पायाने रेटत नेला. तोवर विमान मी फक्त आभाळात पाहिले होते. जमिनीवरचे पहिले विमान पाहिले, ते सुटू नये म्हणून धावतपळत जाताना.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-पंधरा वर्षे झाली असतील. मी फौजदार होतो आणि बुलढाण्याला नेमणूक होती. भाऊबीजेची दुपार. निम्मी मंडळी रजेवर, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कोणीतरी घरून आणलेला चिवडा कागदावर पसरलेला. तेवढ्यात देऊळघाटचे एक वयस्कर शेतकरी आत आले. वांगी, मिरची आणि कापूस पिकवणारे, गावात शब्दाला मान असलेले. सोबत त्यांचा जावई. कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटावर परदेशी घड्याळ. हा मुंबईला एका कंपनीत मोठ्या जागेवर होता आणि सासुरवाडीला औरंगाबादपर्यंत विमानाने यायचा. या एका गोष्टीवर सारे गाव त्याच्यावर फिदा होते.

फिर्याद अशी, की देवापुढच्या सात मोहरा गेल्या. पणजोबांपासून चालत आलेल्या, सोन्याच्या. वर्षभर त्या लोखंडी पेटीत असत. लक्ष्मीपूजनाला बाहेर काढायच्या, दुधाने धुवायच्या, एकेकीला कुंकवाचे बोट लावायचे आणि ताटात तांदळावर मांडून वर झेंडूची फुले घालायची. मग भाऊबीजेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, ही त्या घरची रीत. त्या दिवशी दुपारी त्यांच्या म्हातारीने फुले उचलली, तर खाली तांदूळ आणि सुपाऱ्या.

"कोणावर संशय?" मी विचारले.

म्हातारबुवांनी जावयाकडे पाहिले. जावई खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "साहेब, घरातल्या माणसाचं नाव घ्यायला जीभ धजत नाही. पण घरात नवीन माणूस एकच आहे."

नवीन माणूस म्हणजे धाकटी सून. लग्नाला वर्ष झालेले, माहेर सोनाळ्याचे. तिचा भाऊ सकाळी भाऊबीजेला येऊन, जेवून, दहाच्या गाडीने परत गेला होता. हातात गाठोडे होते. जावयाने हे सारे इतक्या हळुवारपणे सांगितले, की त्याच्या समजूतदारपणाचे मला कौतुक वाटले. मी चहा मागवला. त्याने कप परत केला आणि बिनसाखरेचा आणायला सांगितले. हीही मुंबईची तऱ्हा असेल, असे मला वाटले. माझ्या अकलेचा हा पहिला नमुना.

दुसरा नमुना लगेच आला. आमचा हवालदार बस स्थानकावरून खबर घेऊन आला. कंडक्टरने पाहिले होते, त्या भावाने गाठोडे वर फळीवर न ठेवता बुलढाण्यापर्यंत मांडीवर धरले होते. मला तर मोहरा सापडल्यासारख्याच वाटल्या.

देऊळघाटला जाऊन पंचनामा केला. तोवर म्हातारीने सुनेची पेटी आतून आणून ओट्यावर ठेवली होती. सून पेटीजवळ भिंतीला टेकून बसली होती. म्हातारी मला म्हणाली, "मोहरा भेटल्या त ठीक. नाई भेटल्या, तर ही पेटी थेट सोनाळ्याले जाते सायेब. पोरीसंगट."

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनाळा गाठले. झडतीचे तंत्र मला चांगले येत होते. दोन पंच, चारही कोपरे, धान्याच्या कणग्या, चुलीची राख. बघायला अख्खी आळी जमली. गाठोड्यात निघाले बहिणीने दिलेले अनारसे आणि तिने बापासाठी हाताने शिवलेली बंडी. ती चुरगळू नये म्हणून भावाने मांडीवर धरली होती. दुसरे काही नाही.

बाप हात जोडून उभा होता. म्हणाला, "झडती घेतली, बेस केलं सायेब. तुमचं कामच हाय ते. पन काई भेटलं नाई, हे आता गावाले कोन सांगन?"

मी "बघू" म्हणून जीपमध्ये बसलो. हे "बघू" मला पुढे बरेच दिवस टोचले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा देऊळघाट. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही, हा नियम. म्हणून ओट्यावरच, पोलीस पाटलांच्या पत्नीला शेजारी बसवून, मी सुनेला प्रश्न विचारू लागलो. ती "हाव" आणि "नाई" यापलीकडे बोलेना. मोहरा कोणी घेतल्या हे विचारून काही निघत नाही, हे कळल्यावर मी प्रश्न बदलला. लक्ष्मीपूजनापासून या घरातून काय काय बाहेर गेले, तेवढे सांग म्हटले.

तिने सांगितले. शेजारी फराळाची ताटे गेली. भावाचे गाठोडे गेले. "अन् काल जवाईबापू गेले. त्याहीच्या पिशवीत लाडवाचा डबा होता."

"डबा कोणी भरला?"

"म्याच. भाऊबीजेच्या आदल्या राती. त्याहीनं मांगून घेतला. म्हने, बेसनाचे लाडू भरून दे अन् डबा माह्या खोलीत ठेव." मग खाली बघून म्हणाली, "त्याहीले साखरेची बिमारी हाय. चाहा बी बिनसाखरेचा लागते."

माझ्या डोक्यात तो परत आलेला कप खणकन वाजला. मी विचारले, "मग घरात बायकोसाठी असतील."

"ताई त इथंच हायेत, पंधरा दिवस राहतेत. मुंबईच्या घरी कोनीच नाई."

"हे तू आधी काऊन सांगितलं नाहीस?" मी तिच्याच भाषेत विचारले.

तिने प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले. "सुनेनं जवायाचं नाव घेतलं असतं, तर तुमी आयकलं असतं?"

जावई ठाण्यात माझ्यासमोर खुर्चीवर बसला होता आणि ही ओट्यावर पेटीजवळ. मी कोणाचे ऐकले होते, ते तिला माहीत होते.

म्हातारबुवा दारात उभे राहून ऐकत होते. ते तिथेच उंबऱ्यावर बसले. जावयाला या घराने आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलू दिला नव्हता, त्याची पिशवी कोण तपासणार? त्याचे विमान कधी सुटते, हे मात्र कोणाला विचारावे लागले नाही. सगळ्या देऊळघाटला ती वेळ पाठ होती. आज दुपारी अडीच; रात्रीचा मुक्काम त्याने औरंगाबादला केला होता. आणि मुंबईहून त्याच दिवशी कंपनी त्याला परदेशी पाठवणार होती, हेही गावभर झाले होते. म्हणजे औरंगाबादला सुटला, की सुटलाच. मोहरा गेल्या, आणि त्यांच्यामागे या पोरीचे नावही गेले.

मी उठलो, तशी ती उभी राहिली. "सायेब, एक आयका. लाडू म्या वळले. एकेकाले वरतून अंगठ्यानं बेदाना दाबेल हाय. ज्याले बेदाना नाई, तो माहा नाई."

ठाण्यात येऊन औरंगाबादला लायटनिंग कॉल, म्हणजे सर्वांत तातडीचा ट्रंक कॉल, लावला. त्या काळी तातडी फक्त नावात. खूप खरखर झाली, कोणीतरी "हॅलो, हॅलो" केले आणि लाईन गेली. घड्याळात साडेदहा. हवालदाराला आणि ड्रायव्हरला जीपमध्ये घातले आणि निघालो.

दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे कापसाचे दिवस. धाडपासून पुढे रस्ताभर कापसाच्या गाड्या, वर ढीग, खाली बैल आपल्या चालीने. ड्रायव्हर हॉर्न देई, बैल मान वळवून बघत, गाडीवान आमच्याकडे बघे आणि गाडी तिथेच. भोकरदनच्या पुढे इंजिन तापले. एका शेतकऱ्याने विहिरीचे पाणी घागरीने ओतले आणि विचारले, "कोन पळालं?" हवालदार म्हणाला, "लाडू." मला राग यायला हवा होता, पण हसू आले. मन इतके तापलेले असताना हसणे बरे असते. विमानतळाच्या फाटकात शिरलो, तेव्हा दोनला पाच-सात मिनिटे कमी होती, आणि समोर ते विमान उभे होते. कधी नव्हे ते मनापासून म्हटले, उशीर कर बाबा, तू आज उशीर कर.

विमाने पळवण्याचे प्रकार तेव्हा नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे प्रवाशांची झडती ही नवीनच गोष्ट होती. यंत्रे आली नव्हती. एक लांब टेबल, मागे दोन पोलीस, पिशवी उघडून हाताने चाचपायची. त्यांना पिस्तूल, सुरा, बॉम्ब असले काही शोधायचे होते. दिवाळीत प्रत्येक तिसऱ्या पिशवीत फराळ निघत होता आणि तो कोणी कशाला उकरणार?

जावई टेबलाच्या पलीकडे पोहोचला होता. पिशवी तपासून झाली होती. मला पाहून क्षणभर त्याची मान ताठ झाली, मग तो हसला. "फौजदारसाहेब, तुम्ही इथे? सापडल्या का मोहरा?"

"त्याच बघायला आलो," मी म्हणालो.

तिथल्या अधिकाऱ्याला मी बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्याने घड्याळाकडे बघितले. "दहा मिनिटं देतो. काही निघालं नाही, तर मी त्यांना थांबवू शकत नाही."

उपाहारगृहाचा मालक आणि एक टॅक्सीवाला, असे दोन पंच घेतले. खिसे पाहिले, अस्तर पाहिले, बुटांचे तळवे पाहिले. काही नाही. शेवटी डबा टेबलावर आला. त्यानेच झाकण उघडले आणि माझ्यापुढे धरले. "घ्या साहेब, दिवाळी आहे. सासूबाईंच्या हातचे आहेत."

"सूनबाईंच्या हातचे," मी म्हणालो. "आधी तुम्ही घ्या."

"मला चालत नाहीत."

"मग डबा कोणासाठी?"

"मित्रांसाठी," तो सहज म्हणाला. या उत्तराची तयारी त्याने केलेली दिसली.

मी एक लाडू फोडला. बेसन. दुसरा फोडला. बेसन. पंचांनी एकमेकांकडे पाहिले. बाहेर प्रवाशांना बोलावणे सुरू झाले. माझ्या पाठीवरून घाम सरळ पट्ट्यापर्यंत उतरला. दोन्ही लाडवांवर बेदाणा होता, हे माझ्या लक्षात यायला एवढा वेळ लागला. मग मी वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि डबा त्यावर उपडा केला.

तळाला असलेले सात लाडू वेगळे दिसत होते. बोटांचे ठसे उमटलेले, कुठे चपटे, कुठे भेगाळलेले. जन्मात कधी लाडू न वळलेल्या माणसाचे ते काम होते. एकावरही बेदाणा नव्हता. पहिला फोडला, आणि पिवळ्या बेसनात पिवळी मोहर. वर लक्ष्मीपूजनाचे कुंकू तसेच होते. गडबडीत त्याने ते पुसलेही नव्हते. उपाहारगृहाचा मालक म्हणाला, "अरे बापरे, मी तर याच्याकडून एक खाणार होतो."

जावई खाली बसला. आता त्याचे पाकीटही उघडले; त्यात एका परदेशी पुस्तिकेतले कापलेले पान निघाले, त्यावर अशाच मोहरेचे चित्र होते. मग त्याने सगळे सांगितले. एका शौकिनाने त्याला सांगितले होते, की या टांकसाळीची मोहर फार दुर्मिळ आहे आणि सोन्याच्या भावापेक्षा कितीतरी पटीने परदेशात खपते. फुलांखालून मोहरा काढायला भाऊबीजेची आदली रात्र पुरली. संशय सुनेवर जाईल, हा हिशेब त्याने आधीच केला होता. त्या हिशेबात मी बिनचूक बसलो होतो. विमान त्याच्याविना गेले. परतताना हवालदाराने कापसाच्या प्रत्येक गाडीवानाला रामराम केला.

पुढे गुन्हा रीतसर चालला. मोहरा मुद्देमाल म्हणून जमा झाल्या. काही आठवड्यांनी न्यायालयाने त्या सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागू तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, घरच्यांना द्यायचा हुकूम केला. न्यायालयाच्या आवारात म्हातारी मला म्हणाली, "कागद सुनेच्या नावानं करा." तिला वाटले, एवढ्याने झाले. मलाही तसेच वाटले. मी हमीपत्र लिहून आणले आणि टाक सुनेपुढे धरला.

तिने हात पुढे केला नाही. "मोहरा देवाच्या हायेत, देवाले भेटतीन. पन माह्या बापाच्या घरची झडती अख्ख्या आळीनं पाहिली. आधी सायेबाहीनं सोनाळ्याले जाऊन सांगावं. मंग सही."

पंधरा वर्षांच्या नोकरीत मला एवढी रास्त मागणी कोणी केली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी गेलो. गणवेशात, त्याच जीपमध्ये. सुनेला घ्यायला देऊळघाटला थांबलो, तर म्हातारीही न बोलावता मागे येऊन बसली. जीप पाहून आळी पुन्हा जमली. मी ओट्यावर चढून तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारी पुढे झाली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "आमच्या सुनेनं काई घेतलं नाई. मोहरा माह्या जवायानं चोरल्या. माह्या पोरीचा नवरा हाय तो, तरी सांगून राह्यले." तिचा आवाज फाटला होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. सुनेच्या बापाने खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसले. तो तीच बंडी घालून उभा होता. सून म्हातारीजवळ गेली आणि तिचा हात धरून तिला सावलीत बसवले. मग तिने माझ्याकडे टाक मागितला.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली, आणि हाताखालच्या लोकांनाही लावली. झडतीत काही मिळाले नाही, तर तो पंचनामा दप्तरात घालण्याआधी मी त्याच घराच्या ओट्यावर उभा राहून मोठ्याने वाचत असे. बघायला जमलेले पांगण्याच्या आत.