गाडीवर आणि गाडीत

ओळखीतलं एखादं पोर अठरा वर्षांचं झालं की त्याचे आईवडील एकदा तरी माझ्याकडे येऊन जातात. पोराला पहिलीच गाडी म्हणून जुनी स्पोर्ट्स कार हवी असते, आणि या विषयातला आमच्या पेठेतला अनुभवी माणूस मी एकटाच, असा लोकांचा समज आहे. तीस वर्षं शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलं, त्यातलं विचारायला अजून कोणी आलेलं नाही. असो. माझं उत्तर ठरलेलं असतं: मुळीच घेऊ देऊ नका. मग ते हमखास विचारतात, "पण सर, तुम्ही तर घेऊ दिलीत?" तेव्हा मी चहा टाकायला उठतो. खरं उत्तर असं आहे की मी घेऊ दिली, कारण मला मराठी नीट येत नव्हतं.

पुण्यात 'गाडी' म्हणजे स्कूटर. 'गाडी काढतो', 'गाडी लावून येतो', 'चल, गाडीवर सोडतो', या वाक्यांत कोणाच्याही डोळ्यांपुढे चार चाकं येत नाहीत. ज्याच्याकडे चार चाकं असतात तो मुद्दाम 'कार' म्हणतो, आणि पलीकडच्या इमारतीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणतो. आमच्याकडे गाडीच होती. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो, मी, बायको आणि एकुलती एक मुलगी, आणि खाली एक करड्या रंगाची स्कूटर. मुलगी लहान होती तोवर पुढे उभी राहायची, बायको मागे बसायची. मुलगी आठ वर्षांची झाली आणि तिच्या डोक्यामुळे मला रस्ता दिसेना, म्हणून तिला मध्ये बसवलं. त्याच आठवड्यात चौकात पोलिसाने आम्हा तिघांना थांबवलं. मी कायदा पाळणारा माणूस. घरी आल्यावर मी जाहीर केलं, "यापुढे गाडीवर दोघंच."

त्यानंतर मुलीला पोहायला नेणं, प्रदर्शनं दाखवणं, सुटीच्या दिवशी खडकवासल्याला जाऊन कणीस खाणं, हे सगळं मी केलं. आदर्श बाप म्हणून माझा लौकिक होता. निघताना बायको म्हणायची, "जा तुम्ही दोघं, मला भाजी निवडायचीय." तिला भाजी निवडायची आवड आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. माणसांना काय काय आवडतं!

माझी दुसरी ख्याती म्हणजे शब्द. बोललेला शब्द मी परत घेत नाही. एकदा मेहुण्याला रागाच्या भरात म्हणालो होतो की तुमच्या घरचं अन्न पुन्हा खाणार नाही, तर त्याच्या मुलीच्या लग्नात मी घरून डबा नेला होता. पंगतीत बसून स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी खाल्ली आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. बायकोला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

तर मुलगी अठरा वर्षं दोन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. ती डिप्लोमाला मेकॅनिकल शिकत होती, लहान मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत होती आणि ड्रायव्हिंगचा क्लास संपवून लायसन्सही काढून बसली होती. मी नववीचे पेपर तपासत होतो. विभक्तीचा प्रश्न होता आणि मुलांनी विभक्तीची जी विटंबना केली होती तिने माझं डोकं तापलं होतं. ती समोर येऊन म्हणाली, "बाबा, मला गाडी घ्यायचीय. माझ्या पैशांनी."

"नवी?"

"नाही, जुनीच. लाल आहे. स्पोर्ट्स मॉडेल. टू-सीटर."

स्कूटर टू-सीटरच असते. मी म्हणालो, "घे. पण हेल्मेट घालायचं."

"त्यात कशाला हेल्मेट?" ती हसली.

हेल्मेट या विषयावर माझं अख्ख्या शहराशी भांडण आहे, म्हणून मी तिला पाच मिनिटं व्याख्यान दिलं. ती 'त्यावर' म्हणाली नव्हती, 'त्यात' म्हणाली होती. समोर सप्तमी विभक्तीचे चाळीस पेपर पसरलेले, हातात लाल पेन, आणि घरातल्या घरात मुलीने वापरलेला एक 'त' मला ऐकू आला नाही. मुलांचे मात्र अर्धे अर्धे गुण कापत होतो.

रविवारी खालून हॉर्न वाजला. बायकोने ताटात हळदकुंकू घेतलं, मी नारळ घेतला, आणि आम्ही नव्या स्कूटरला ओवाळायला खाली उतरलो. स्कूटर कुठे दिसेना. फाटकात आडवी एक लालभडक, बुटकी, कापडी छपराची चारचाकी उभी होती. माझं टाळकं सटकलं. मी काचेवर नारळ ठोकला आणि म्हणालो, "अहो, हे लोकांचं जाण्यायेण्याचं फाटक आहे. आपण इथे मुक्कामाला आलात काय?"

काच खाली झाली. "बाबा, मीच आहे."

अशा गाड्या आपल्याकडे थोड्याच बनल्या आणि मग बनवणाऱ्यांना शहाणपण आलं. ही त्यातली एक होती. दोन दारं, दोन सीटा, आणि बसल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्याशी नजरानजर होईल एवढी उंची. बरं, डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडे वळताना मात्र हाताने वाजवावा लागे. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, निवृत्त गृहस्थ, गॅलरीतून वाकून म्हणाले, "मास्तर, जागा दोन स्कूटरची आणि उपयोग एकीचाही नाही. छान निवड आहे."

बायकोने शांतपणे गाडीला कुंकू लावलं. नारळ माझ्या हातातच राहिला.

वर आल्यावर मी म्हणालो, ही परत कर. मुलगी म्हणाली, "बाबा, वारज्याच्या ज्या काकांकडून घेतली ना, त्यांना मी आधीच विचारलंय. पुढच्या रविवारपर्यंत ते परत घेतील. पेपर्स ट्रान्सफर व्हायचेत अजून. फक्त तुम्ही एकदा म्हणा, की मी शब्द मागे घेतला."

म्हणजे पेच असा, की एकतर हे लाल लफडं दारात ठेवायचं, नाहीतर आयुष्यात पहिल्यांदा शब्द गिळायचा. आणि मुद्दा नुसत्या माझ्या ताठ्याचा नव्हता. मला भीती वाटत होती. माझी मुलगी त्या पत्र्याच्या डबीत बसून, पत्र्याच्याही नव्हे, फायबरच्या, पुण्याच्या रस्त्यावर जाणार होती. पण भीती वाटते असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही मुद्दे मांडतो.

सोमवारी मी शब्दावर आलो. 'गाडी' म्हणजे स्कूटर, म्हणून परवानगी स्कूटरची होती. ती म्हणाली, "शब्दकोशात बघा." बघितलं. त्यात बैलगाडी होती, घोडागाडी होती, आगगाडी होती. स्कूटरचं नावसुद्धा नव्हतं. मंगळवारी मी सुरक्षिततेवर आलो. पहिली गाडी कशी असावी? चार दारं, पांढरी, चालवणाऱ्याला किंचित कंटाळा यावा अशी. जुन्या गाडीचे भाग मिळत नाहीत, विमा करताना लोक हसतात, आणि नवशिक्या हाताला पळणारी गाडी दिली की हात आणि गाडी दोन्ही जातात. ती म्हणाली, "बाबा, ही पळत नाही हो. साठच्या पुढे गेली की स्वतःच घाबरते. आणि जुनी आहे म्हणूनच शिकता येतं. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत अजून एक झाकण असतं."

मुद्दा बरोबर होता, म्हणून मी आवाज चढवला. बुधवारी जेवताना बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय ना."

"आमटी घ्या," ती म्हणाली.

गुरुवारी शाळेतून परस्पर वारज्याला गेलो. म्हटलं, त्या माणसालाच पटवावं. त्यानेच 'गाडी मला परत हवी' म्हटलं, तर माझा शब्दही राहील आणि गाडीही जाईल. इतका सरळ कट होता. ते गृहस्थ एका सात मजली इमारतीच्या खाली खुर्ची टाकून बसले होते. इमारत होती तिथे पूर्वी त्यांची वांगी असायची. चांगले धिप्पाड, मोकळे.

"या या सर, बसा. च्या सांगतो. गाडीचं म्हनता? आवो, हौसंनं घेतली आन् आत बसलो, तर भाईर निघंना. दोघांनी वढून काढला मला. तवापास्नं उभीच हाय."

मी घसा साफ करून मूळ विषयाकडे वळणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "पन तुमची पोरगी हुशार हाय बरं का. बाकीची पोरं येत्यात, पयलं इचारत्यात, किती पळती? हिनं ते इचारलंच न्हाई. ही म्हनली, काका, साडी नेसून नीट बसता यील का हिच्यात? आता मला काय ठावं! मग हिनं आमच्या मंडळींना घरातनं बोलावलं, बसवलं, उतरवलं, परत बसवलं. धा मिन्टं तेच. म्हनली, आईला न्यायचीय. आई कवा कुटं जातच न्हाई."

चहा आला. मी तो घेतला. मूळ विषय काढला नाही. त्यांनी विचारलं, "मंग, काय म्हनत होता सर?" मी म्हणालो, "काही नाही, सहज आलो होतो." शनिवार पेठेतून वारज्याला सहज कोणी जात नाही, हे त्यांनाही कळलं असणार.

परत येताना मला आधी राग आला. ही गोष्ट वारज्याच्या परक्या माणसाला ठाऊक, त्याच्या बायकोला ठाऊक, आणि मला नाही. मग स्कूटर सिग्नलला थांबली तेव्हा हिशेब नको नको म्हणताना डोक्यात आलाच. मुलगी आठ वर्षांची होती तेव्हापासून ती अठरा वर्षांची होईपर्यंत मी बायकोला गाडीवर कुठेही नेलं नव्हतं. आणि दोघांनीच जायचं तर दोघांत मी आणि बायको का असू नये, हा प्रश्न व्याकरणाच्या मास्तराला दहा वर्षांत एकदाही पडला नव्हता. मला लाज वाटली. लाज वाटली हे मी घरी कोणाला सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण मी खराखुरा पुणेकर. लाज वाटली तरी तिचं भाषण कसं करता येईल हे मी शुक्रवार-शनिवार बघत होतो. वाक्य तयार केलं: "मी दिलेला शब्द मागे घेत नाही. गाडी ठेव. आणि आईलाही फिरवून आण." शेवटचं वाक्य तर फारच उदार होतं. ते मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं.

रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मी बाहेरच्या खोलीत आलो. खोलीत कोणी नव्हतं. जिन्यावरून खाली गेलो. लाल गाडी फाटकाबाहेर सुरू होऊन उभी होती. छप्पर मागे दुमडलेलं. मुलगी चालवायच्या जागी, आणि शेजारी बायको. लग्नकार्यात नेसते ती हिरवी साडी, मांडीवर पर्स, डोक्याला रुमाल बांधलेला. ती समोर बघत होती, आणि तिचा चेहरा मी ओळखला नाही. म्हणजे ओळखला, पण तो फार वर्षांपूर्वीचा होता.

माझ्या परवानगीची तिथे कोणी वाटच बघत नव्हतं. मी नुसतं विचारलं, "कुठे?"

"खडकवासल्याला," मुलगी म्हणाली.

"थांबा, मीही येतो," मी म्हणालो. कसा येणार होतो देव जाणे.

बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं. "अहो, बसणार कुठे? गाडीत दोघंच."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, तेवढी माझी तयारी कायम असते. ती अगदी साधेपणाने, जशी दहा वर्षं मला 'जा तुम्ही दोघं' म्हणायची तशीच म्हणाली. मग आठवल्यासारखं करून पुढे म्हणाली, "ओट्यावर मेथी आहे. तेवढी निवडून ठेवा."

गाडी निघाली. कोपऱ्यावर डावीकडे वळली आणि हॉर्न आपोआप वाजला. सेक्रेटरी गॅलरीत उभे होते. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते वाकून बघत राहिले.

मी वर गेलो. दोन जुड्या होत्या. मी वर्तमानपत्र पसरलं, पंखा बंद केला, कारण पानं उडत होती, आणि बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. रस्त्यावर कुठे जोरात ब्रेक लागला की मी उठून खिडकीशी जायचो, परत येऊन बसायचो. एवढ्या वर्षांत ती आमची वाट बघताना अशीच उठत-बसत असेल का, ते मला माहीत नव्हतं. आम्ही घरी आलो की ताटं वाढलेली असायची.

एक वाजून गेल्यावर जिन्यात हसण्याचा आवाज आला. बायको आत आली, रुमाल सोडला, केस विस्कटलेले होते. माझ्यासाठी कागदात बांधून एक कणीस आणलं होतं, ते तिने माझ्यापुढे ठेवलं. ते गार झालं होतं. मग तिने वाकून मेथीकडे बघितलं.

"देठ राहिलेत," ती म्हणाली.

मी परत बसलो.