लांब तारेचा कर्णा

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्वदीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं. हे कोणी वाचलंच तर तेवढं पोटात घालावं. कुसुमच्या, माझ्या मुलीच्या, जुन्या वहीची पानं उरली होती, त्यांवर लिहिते आहे. बोलायचं म्हटलं की माझा घसा दाटतो, चार बायकांत तर शब्दच फुटत नाही. म्हणून लिहायचं.

आमच्या वन्सं गेल्या त्याला दोन महिने होतील. सुभद्रा त्यांचं नाव. ह्यांची थोरली बहीण. बोर्लीच्या भातगिरणीत इंजिनावर बॅटरी भरून मिळते, तिथे त्या मंगळवारी कर्ण्याच्या मशीनची बॅटरी घेऊन गेल्या होत्या. दुपारी गिरणीवाला बैलगाडी घेऊन स्वतः आमच्या दारात आला. आधी त्याने बॅटरी उतरवली, ओट्यावर नीट ठेवली आणि पुसली. मला वाटलं, वन्सं मागून चालत येत असतील. तो म्हणाला, "बॅटरी भरलेली हाय, वयनी." मग खाली बघत म्हणाला, "आक्का आमच्या ओट्यावर बसल्या होत्या... पाणी मागितलं, आणि पाणी आणेस्तवर..." मग त्याने गाडीकडे हात केला. मी मात्र त्या बॅटरीकडेच बघत राहिले.

स्वातंत्र्य मिळालं त्या साली माझं लग्न झालं, आणि त्यानंतर दोन वर्षांनी वन्सं कपाळ मोकळं घेऊन माहेरी आल्या. तिशीही झाली नव्हती. लग्नघरची त्यांना फार हौस. कुठे मांडव पडला की आदल्या दिवशी वाटण करायला, भांडी घासायला पहिल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, मुहूर्ताच्या वेळी, त्या घरी असायच्या. कोणी त्यांना जा म्हणत नसे. ये असंही कोणी म्हणत नसे.

कुसुम बारा वर्षांची असताना एक दिवस जेवताना त्या ह्यांना म्हणाल्या, "मला कर्ण्याचं मशीन घ्यायचं आहे. लग्नात भाड्यानं देईन." ह्यांचा घास हातातच राहिला. "बाईमाणसानं कर्णा वाजवायचा? लोक हसतील." वन्सं म्हणाल्या, "हसू देत की. फुकट हसतील, भाडं तर देतील." चारशे रुपये लागणार होते. कुसुमच्या दागिन्यांसाठी ठेवले होते तेवढेच घरात होते. "पै न पै फेडीन," वन्संनी शब्द दिला. ह्यांनी कुरकुर केली, पण थोरल्या बहिणीला नाही म्हणणं त्यांच्याने झालं नाही.

बोटीने आम्ही तिघं मुंबईला गेलो. मला वन्संनी सोबत म्हणून नेलं. दुकानदार गुजराती होता. त्याने आधी आवाजाचा एक लाकडी खोका लावला. आवाज खरंच गोड होता. "लई जाव बेन, मधासारखा आवाज हाय." वन्संनी विचारलं, "हा उघड्यावर, नारळाच्या झाडांत कुठवर ऐकू जाईल?" तो हसला. "ए तर घरात ऐकायचा." मग त्याने दोन कर्णे काढले. एक पत्र्याचा, स्वस्त, रंग मारलेला. वन्संनी त्याच्या कडेला नखाने रंग खरवडून पाहिला आणि बाजूला सारला. "आमच्याकडे समुद्राचा वारा. वर्षात भोकं पडतील." दुसरा ॲल्युमिनिअमचा. दुकानात तो लावला तर कानाला हात लावायची वेळ आली, म्हणून दुकानदार तो गच्चीवर घेऊन गेला. वन्सं मात्र जिना उतरून गल्लीच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. कर्ण्याकडे पाठ करून, डोळे मिटून. तबकडी संपेपर्यंत हलल्या नाहीत. परत आल्या त्या एकच विचारत, "तार किती लांब येते? मशीन दूर ठेवलं तर आवाज मरतो का?" दुकानदार म्हणाला, जाड तार घेतली तर मरत नाही. त्यांनी जाड तारेची दोन भेंडोळी जास्तीची घेतली. हे बोटीवर चिडून म्हणाले, "तारेवर एवढे पैसे? मांडव काय तळ्यापर्यंत घालणार आहेस?" वन्संनी तारेवर उडालेलं पाणी पदराने पुसलं.

ती तार कशाला, ते पहिल्याच लग्नात कळलं. कर्णा मांडवाच्या बांबूला, माईक भटजींपुढे, आणि मशीन... ते वन्संनी पार मागे, गोठ्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं. तिथे गोणपाट अंथरून बसल्या. तिथून ना मांडव दिसत होता, ना नवरा-नवरी. पण त्यांनी सुई ठेवल्याशिवाय सनई वाजत नव्हती. पुढे कितीतरी लग्नं अशीच झाली. मुलं त्यांना कर्णेवाली आक्का म्हणू लागली. दर लग्नामागे खर्च जाऊन दहा रुपये उरले की ते त्या ह्यांच्या हातावर ठेवायच्या.

गेल्या वर्षी कुसुमचं लग्न झालं. जिला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं तिचं. मी मनाशी ठरवलं होतं, मुहूर्ताला वन्संना हाताला धरून पुढे आणायचं. मागच्या दारापर्यंत गेलेही. तिथे व्याह्यांकडच्या बायका बसल्या होत्या. एकीने विचारलं, "विहीणबाई, कुठं निघालात? मुहूर्त आला की." एवढंच. तिच्या बोलण्यात वाईटही काही नव्हतं. मी म्हणायला हवं होतं, आमच्या वन्संना आणायला. मी नुसता पदर सावरला आणि परत फिरले. संध्याकाळी मी मागे वन्संकडे गेले. तार गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "सगळं ऐकलं गं. भटजींचा घसा मात्र बसला होता. त्यांना गूळ द्यायचा होतास."

त्या गेल्या तेव्हा चाळीस रुपये फिटायचे राहिले होते. हे म्हणाले, "बहिणीकडून कसलं घेणं? सोडलं मी." पण सुतक फिटल्यावर पलीकडच्या वाडीतला एक गृहस्थ दारात आला. "आक्काला सुपारी दिली हाय आम्ही. आता कसं?" अशी चार लग्नं वन्संनी घेऊन ठेवली होती. मी दाराआडून म्हटलं, "येते मी." माझा आवाज ऐकून हे चमकले.

मशीन कसं लावायचं ते बघून बघून मला ठाऊक होतं. मी सवाष्ण, मला मांडवात बसता आलं असतं. पण मी तार पुरती सोडली आणि मागे, गोठ्याच्या पलीकडे गेले. तबकड्यांची पेटी उघडली. तळाच्या फडक्याखाली काही खरखरलं. फडकं उचललं तर खाली कुंकू लावलेले तांदूळ. काही नवे लाल, काही जुने, रंग उडून पिवळट झालेले. मशीनच्या फटींतही तेच दाणे. दर लग्नात भटजींचं "सावधान" कर्ण्यातून ऐकू आलं की वन्सं तिथे एकट्या बसून मशीनवरच अक्षता टाकत होत्या. कुसुमच्याही त्यांतच असणार. त्यातल्या कोणत्या, ते मला ओळखता आलं नाही.

त्या दिवशी "सावधान" आलं तेव्हा मीही मूठभर टाकल्या.

चौथ्या लग्नाहून परवा घरी आले. तार खुंटीला अडकवली. चार वेळचे मिळून चाळीस रुपये ह्यांच्या पुढे ठेवले.

"हे कसले?"

"वन्संचे. चारशे झाले."

"मी सोडले होते ना."

"त्यांनी नव्हते सोडले. मोजून घ्या."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या तारेकडे. मग पैसे उचलून एकेक नोट मोजली. पुरे होते.